नमस्कारीचा खुराक

लखीराम आषाढात गोठ्याच्या छपरावर ताडपत्री टाकायला चढला आणि ताडपत्रीसकट खाली आला. पाय मोडला. यवतमाळच्या डॉक्टरनं मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं आणि दीड महिना खाटेवरून हलायचं नाही म्हणून दम भरला. आता लखीराम म्हणजे काय माणूस? घाटंजीच्या बाजारात दहा ठिकाणी चहा प्यायल्याशिवाय ज्याचा आठवडा पचत नाही तो. त्याला आणून बसवला अंगणातल्या कडुलिंबाखाली, खाटेवर, आणि सोबतीला एक मोबाईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा बंजाऱ्यांचा तांडा, इथं बोलणं चालतं गोरबोलीत. सांगणाऱ्याला ती अर्धीमुर्धीच येते, आणि अर्धीमुर्धी बोललं की तांड्यातल्या बाया तोंडावर हसतात. त्यामुळे इथं सगळे वऱ्हाडीच बोलतील, कोणाला पटो न पटो.

तर लखीराम खाटेवर आणि पाच एकर कपाशी बायकोच्या डोक्यावर. उज्ज्वलानं कुरकुर केली नाही. निंदण, डवरणी, खत, सगळं तिनं अंगावर घेतलं. वर कृषी सहायक दर गुरुवारी येऊन मंदिराच्या ओट्यावर शेतीशाळा घ्यायचा, तिथंही नवऱ्याच्या जागी तीच जाऊन बसायला लागली. कृषी सहायक म्हणजे अश्वजित, बाभुळगावचा पोरगेला साहेब, मोटारसायकलवर यायचा आणि बायांनाही 'ताई' म्हणून प्रश्न विचारायचा. चार गुरुवार झाले आणि त्याच्या लक्षात आलं की ओट्यावर जे बोललं जातं ते ही एकटीच लिहून नेते. बोंडअळीसाठी तांड्याच्या शेतांत बारा कामगंध सापळे लावायचे होते, रोज सकाळी त्यांतले पतंग मोजायचे होते. वही कोणाकडे द्यायची, हा प्रश्नच उरला नाही.

तांड्याचे नायक, म्हणजे पुढारी, डोंगरसिंग यांना हे काही रुचलं नाही. आजवर फवारा कधी मारायचा हे एक तर ते सांगत, नाही तर औषधाचा दुकानदार. आता बाया पाखरं मोजणार आणि आपण त्यांच्या हुकमानं पंप पाठीला लावणार, असं ते चारचौघांत म्हणाले. उज्ज्वलानं ते ऐकलं आणि वहीवर छान खाकी कव्हर चढवलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा लखीराम काय करत होता? माशा हाकत होता. आणि एक दिवस त्याच्या पांढऱ्याफेक प्लास्टरवर, गुडघ्याच्या बरोबर वर, बोटाच्या पेराएवढा एक हिरवा किडा येऊन बसला. काटकुळं अंग, तिकोनी मुंडकं, आणि पुढचे दोन पाय जोडलेले. अगदी हात जोडून बसावं तसा. पाय मोडल्यापासून जो येईल तो लखीरामला अक्कल शिकवून जात होता. या मोडक्या पायाला नमस्कार करणारा हा पहिलाच. लखीराम खूश झाला. तेवढ्यात प्लास्टरवर एक माशी बसली. किड्यानं मुंडकं वळवलं, माणसासारखं वळवून पाहिलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत माशी त्याच्या हातात होती. मग त्यानं ती निवांत, डोक्याकडून सुरुवात करून खाल्ली. लखीराम त्या दिवशी जेवायचं विसरला.

मोबाईलनं सांगितलं, हा प्रार्थना कीटक, शेतकऱ्याचा मित्र. लखीरामनं त्याचं नाव ठेवलं नमस्कारी. लोक म्हणे देशोदेशी हे घरात पाळतात. झालं. दुकानातून गोळ्या-बिस्किटांची रिकामी बरणी आली, झाकणाच्या जागी मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बसला आणि लखीरामचा संसार सुरू झाला.

पण पाळणं म्हणजे नुसतं बरणीत टाकणं नव्हे, हे कळायला वेळ लागला. पहिले दोन दिवस त्यानं नमस्कारीला भाकरीचा चुरा घातला. वरणभाताची चार शितं ठेवली. इतका हात जोडून बसणारा जीव, तो भाकरी खाणार नाही असं मनात यायचं कारणच नव्हतं. नमस्कारी ढुंकूनही पाहीना. मग मोबाईल पुन्हा पाहिला तेव्हा उमजलं की हे महाराज फक्त जिवंत, हलतंफिरतं भक्ष्य घेतात. तेव्हापासून लखीराम ताटलीत गुळाचं पाणी ठेवून माशा धरायला लागला, आणि माशा धरण्यात त्याचा हात इतका बसला की उज्ज्वला म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तुमचा हात कशात तरी चालला.

दहा-बारा दिवसांनी नमस्कारीनं खाणं सोडलं. बरणीच्या जाळीला उलटा लटकून राहिला, हलेना की डुलेना. लखीरामचा जीव खालीवर झाला. आजाऱ्याला आडवं झोपवायचं असतं, हे त्याला महिनाभर सगळ्यांनी घोकून घोकून शिकवलं होतं. त्यानं हलक्या हातानं किड्याला जाळीवरून सोडवलं, कापसाच्या पेळूवर निजवलं आणि शेजारी साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवला. तो जीव खरं तर कात टाकायला लटकला होता. कात टाकताना त्याला उलटंच लटकावं लागतं, खाली भरपूर मोकळी जागा लागते, आणि त्या वेळी त्याला बोट लावायचं नसतं. सकाळी तो अर्धा जुन्या कातीत आणि अर्धा बाहेर, वाकडातिकडा होऊन मेलेला दिसला. लखीरामला रडू आलं. किड्यासाठी रडणारा गडी पाहून तांड्यानं काय काय म्हटलं असतं, पण पाहिलं एकट्या उज्ज्वलानं. ती हसली नाही. बरणी उचलून नेली, राखेनं घासून धुतली आणि उन्हात पालथी घातली.

याचा अर्थ लखीरामनं असा घेतला की परवानगी मिळाली.

प्लास्टर निघालं तेव्हा भादवा लागला होता. काठी टेकत तो बांधापर्यंत जायला लागला आणि तरोट्याच्या झाडांत त्याला एकदम तीन नमस्कारी सापडले. तिघांना हौसेनं एकाच बरणीत ठेवलं. सकाळी दोन होते, आणि तिसऱ्याची एक तंगडी. मग चार बोटं तोंडात घालून तो दिवसभर बसला आणि संध्याकाळी दोन बरण्या आणखी मागवल्या, पुन्हा बांधावर जाऊन तिसरा जीव शोधून आणला. आता मात्र सगळं शिस्तीत. एका बरणीत एक जीव. चढायला तुऱ्हाटीची काडी, वर लटकायला जाळी, खाली कागद, कागद दर रविवारी बदलायचा. सकाळी बोटांनी पाण्याचा हबका मारायचा, थेंब पिऊन घेतात. तिघांतली एक मादी होती, पोट भरलेलं, अंगानं दांडगी, बरणीवर कोण वाकलं की त्याच्याकडे मान वळवून रोखून पाहणारी. तिचं नाव पडलं सरपंचबाई.

सरपंचबाईनं दोनदा कात टाकली आणि तिची भूक अशी सुटली की लखीराम हैराण झाला. इकडे आश्विनाचं ऊन तापलं, गोठ्यातल्या माशा कमी झाल्या. गुळाच्या पाण्यावर दिवसाला दोन माशा येईनात. तिघं हात जोडून बसलेले आणि द्यायला काही नाही. लखीरामला तो नमस्कार आता टोचायला लागला.

डॉक्टरनं रोज सकाळी कोसभर चालायला सांगितलं होतं. त्याप्रमाणे एका सकाळी तो रस्त्याच्या कडेकडेनं आपल्या शेतापर्यंत गेला, आणि तिथं त्याची नजर सापळ्यावर पडली. काठीला अडकवलेलं हिरवं प्लास्टिकचं नरसाळं, आत मादीच्या वासाची इवलीशी रबरी गोळी, खाली लांब पिशवी. त्या वासानं बोंडअळीचे नर पतंग रात्री येतात आणि पिशवीत पडतात. पिशवीत आठ-नऊ पतंग फडफडत होते. राखाडी, नाजूक, जिवंत.

लखीराम बराच वेळ पाहत राहिला. हे पतंग कपाशीचे वैरी. पकडलेत ते मरायलाच. मग इथं पिशवीत सडून मरण्यापेक्षा कोणाच्या पोटी गेले तर पुण्यच की. त्यानं पिशवीच्या खालची गाठ सोडली, पतंग काडेपेटीत घेतले आणि गाठ परत मारली. दोन तेवढे राहू दिले. उज्ज्वला आठ वाजता येते, तिला सापळा अगदी रिकामा दिसला तर बिचारीचा हिरमोड होईल, एवढा विचार त्यानं केला. लगतची दोन शेतं, एक रुपीबाईचं आणि एक डोंगरसिंग नायकांचं, तीही रस्त्यालाच लागून. तिथल्या सापळ्यांतही दोन-दोन ठेवून बाकीचे घेतले.

त्या दिवशी बरण्यांत जी मेजवानी झाली ती काय सांगावी. सरपंचबाई पतंग धरायची, चारही पंख मोडून खाली टाकायची आणि आतला गर तेवढा खायची, भुईमुगाची शेंग फोडून खावी तशी. लखीरामला हसू आवरेना. आणि मग हा रोजचाच नेम झाला. पहाटे साडेपाचला तो उठायचा, काठी घ्यायची, निघायचा. उज्ज्वला विहिरीवर बायांना सांगायला लागली की पाय मोडून माणूस सुधरला, डॉक्टरचं ऐकून रोज फिरायला जातो. लखीरामच्या कानावर हे यायचं तेव्हा तो जरा चुळबुळायचा. पण जरासाच.

त्यानं तिला हे सांगितलं का नाही? सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नाही. ती रोज वहीत काय लिहिते हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं. बायकोचं लिहिणं, म्हणजे असेल काही तरी.

पुढच्या पंधरवड्यात नाल्याकडच्या नऊ सापळ्यांत पतंग वाढत गेले आणि तिकडच्या लोकांनी उज्ज्वलाच्या सांगण्यावरून वेळेत फवारा मारला. रस्त्याकडच्या तीन सापळ्यांत मात्र रोज दोनच. उज्ज्वलालाही ते नवल वाटलं, पण तिकडची पेरणी उशिरा झालती, म्हणून पतंगही उशिरा येत असतील, असा तिनं हिशेब लावला. रुपीबाई ही साठीची एकटी बाई, तीन एकर स्वतः कसणारी. नाल्याकडचे फवारे पाहून ती घाबरली आणि औषधाचा डबा घेऊन आली. उज्ज्वलानं तिला वही दाखवली, कायले उगीच जहर मारता म्हणाली, आणि रुपीबाई तोच डबा दुकानात परत देऊन आली. तांड्यात पहिल्यांदाच कोणी सुनेच्या आकड्यावर विश्वास ठेवून दुकानदाराला पाठ दाखवली होती. उज्ज्वला त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

बुधवारी दुपारी लखीराम आपल्या कपाशीत शिरला. सरपंचबाईची शेवटची कात जवळ आली होती, तिला काही तरी मोठं खायला द्यावं म्हणून. आणि त्याला डोमकळी दिसली. कपाशी पिकवणाऱ्याला ती ओळखायला शाळा लागत नाही. फूल उमलायच्या आधीच पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या, आणि आत गुलाबी अळी. त्यानं पाकळ्या सोडवल्या, अळी काढली, काडेपेटीत टाकली. वा. गुबगुबीत माल. दुसरी डोमकळी, दुसरी अळी. पाचवी, सहावी. विसाव्या डोमकळीपर्यंत त्याचा आनंद पार संपला होता. त्यानं बांधावरून रुपीबाईच्या शेतात पाहिलं. तिथंही तेच.

तो घाम पुसत घरी आला. अंगणात उज्ज्वला आणि रुपीबाई बसलेल्या. रुपीबाई पुन्हा विचारायला आली होती, फवारा खरंच नको ना म्हणून. उज्ज्वला वहीवर बोट ठेवून तिला समजावत होती.

"काकी, तुमच्या सापळ्यात आजबी दोनच हाये. लागोपाठ तीन दिवस आठ निघाले, मंगच फवारा. सापळा पतंग मारासाठी नसते. किती आले, थे सांगासाठी असते."

लखीराम फाटकाशीच थांबला. खिशातल्या काडेपेटीत अळ्या वळवळत होत्या. सापळा सांगण्यासाठी असतो. आणि पंधरा दिवस तो त्या सापळ्याच्या तोंडावर हात ठेवून बसला होता.

त्यानं तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते अर्धंच. शेतात डोमकळ्या दिसून राहिल्या, एवढंच तो म्हणाला. तिघंही शेतात गेली. उज्ज्वलानं दोन ओळी पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला. रुपीबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही.

"मी त डबा परत देला, उज्ज्वला," ती म्हणाली आणि आपल्या वाटेनं निघून गेली.

संध्याकाळी उज्ज्वला वही मांडीवर घेऊन बसली. पान पान मागे जाऊन आकडे पाहत होती. आपण कुठं चुकलो, गोळी जुनी झाली का, पिशवी फाटली का, मोजताना घाई केली का, असं एकेक स्वतःलाच विचारत होती. मग तिनं मान वर केली.

"तुमी त रोज सकाळी तिकडूनच जाता. कोणी सापळ्याले हात लावतानी दिसलं का तुमाले?"

"नाई," लखीराम म्हणाला.

आता या 'नाई'ला काय म्हणावं? माणूस वाईट नव्हता. पण पंधरा दिवसांची चूक ही नुसती चूक होती, आणि हा एक शब्द म्हणजे चक्क लबाडी होती. ते त्यालाही कळलं. समोर वाढलेली भाकरी त्यानं तशीच कुत्र्याला घातली.

गुरुवारी सकाळी तो फिरायला गेला नाही. पाय दुखून राहिला म्हणाला. उज्ज्वला एकटीच सापळे पाहून आली. आपल्यात नऊ, रुपीबाईच्यात दहा, नायकांच्यात नऊ. काल दोन आणि आज नऊ. तिनं आकडे लिहिले.

नऊ वाजता मंदिराच्या ओट्यावर सगळे जमले. अश्वजित आला, त्यानं डोमकळ्या पाहिल्या, वही पाहिली आणि डोकं खाजवलं. एका रात्रीत दोनाचे नऊ होत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. डोंगरसिंग नायक या घडीचीच वाट पाहत होते. आवाज न चढवता ते म्हणाले की यात न समजण्यासारखं काय आहे. बाईमाणूस, घरचा कामाचा रगाडा, नवरा लंगडा. जाणं होत नसेल शेतापर्यंत. घरी बसून लिहिलं असेल दोन, दोन, दोन. आज साहेब येणार म्हणून खरंच गेली आणि खरं लिहून आणलं.

रुपीबाईनं उज्ज्वलाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही. ती उठली आणि खाकी कव्हरची वही अश्वजितपुढे धरली. दुसऱ्या कोणाला द्या, म्हणाली.

लखीराम पाठीमागे खांबाला टेकून उभा होता. तो वळला आणि घराकडे चालू लागला. काही लोकांना वाटलं, बायकोची फजिती पाहवेना म्हणून पळाला. पण तो परत आला. लंगडत, काठीशिवाय, डोक्यावर टोपली. टोपलीत तीन बरण्या. त्या त्यानं ओट्यावर, सगळ्यांच्या मधोमध, एकापुढे एक मांडल्या.

"तिनं रोज मोजले," तो म्हणाला. "तिच्या आधी मी जात होतो. दोन ठेवून बाकीचे मी चोरले अन् यायले चारले. काल तिनं मले विचारलं, तवा खोटं बोललो. सापळा मोजासाठी असते हे मले मालूम नव्हतं. मी कधी विचारलंच नाई."

बरणीत सरपंचबाई हात जोडून बसली होती आणि मान वळवून नायकांकडे रोखून पाहत होती. मग कोणाला तरी हसू फुटलं, आणि ते ओटाभर पसरलं. हसले नाहीत तिघं: लखीराम, रुपीबाई आणि उज्ज्वला. नायक थोडे हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याही सापळ्यातले गेले, आणि ते थांबले. हा आता बायकोला वाचवायला काहीही सांगेल, असंही ते म्हणाले. किड्यांनी खाल्ले म्हणे. खाल्लेल्याचा पुरावा कुठून आणणार?

उज्ज्वला नवऱ्याकडे न पाहता बरण्यांपाशी आली. ती खाली बसली. पहिल्या बरणीची जाळी सोडली, तुऱ्हाटीवरचा किडा अलगद जाळीवर घेतला आणि तळाचा कागद बाहेर ओढला. कागदावर पंख होते. राखाडी, तांदळाच्या कोंड्याएवढे हलके, ढीगभर पंख. तिनं केसांतला आकडा काढला आणि त्याच्या टोकानं एकेक पंख बाजूला करत मोजायला सुरुवात केली. वारा लागू नये म्हणून रुपीबाई येऊन तिच्या आडोशाला बसली. अश्वजितही मांडी घालून बसला. कागद कधी बदलला, एवढंच उज्ज्वलानं विचारलं, तेही अश्वजितकडे पाहून. रविवारी संध्याकाळी, लखीराम म्हणाला. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार.

तिन्ही कागद मोजून व्हायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ओट्यावरचं एकही माणूस उठलं नाही.

"दोनशे सोळा पंख," उज्ज्वला म्हणाली. "एका पतंगाले चार. म्हंजे चोपन्न पतंग. तीन दिवस, तीन सापळे, सापळ्यामागं रोजचे सहा. माह्या वहीतले दोन त्यात टाका."

आठ. तांड्यातल्या पोरासोरांनाही आता तो आकडा पाठ होता. अश्वजित म्हणाला की काही पंख गिळलेही असतील, म्हणजे कमीत कमी आठ. तीन दिवस लागोपाठ आठ, फवारा आज. उशीर झालाय, पण फार नाही. डोमकळ्या आजच तोडून नष्ट केल्या आणि संध्याकाळी औषध मारलं तर कपाशी हातची जाणार नाही. त्यानं वही उज्ज्वलाच्या हातात परत दिली. डोंगरसिंग नायकांनी घसा साफ केला. वही तुह्याच जवळ राहू दे, असं ते तिला म्हणाले, आणि कधीही आवाज न चढवणाऱ्या त्या माणसाला एवढं म्हणायला बरंच जड गेलं. राहिला दंड. तांड्यात चुकीला दंड लागतोच. नायकांनी तो तिथंच सांगितला: तिन्ही शेतांतल्या डोमकळ्या लखीराम एकटा तोडेल, शेवटची डोमकळी निघेपर्यंत, आणि सुरुवात रुपीबाईच्या शेतापासून. औषधाचा डबा घाटंजीहून तोच आणेल.

लखीरामनं आठ दिवस डोमकळ्या तोडल्या. मोडक्या पायानं, ओळीओळीनं, रुपीबाईच्या नजरेखाली. ती बाई दर ओळीला मागून येऊन राहिलेली डोमकळी दाखवायची. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला पाणी दिलं आणि सहाव्या दिवशी त्या हात जोडणाऱ्या किड्याचं कसं काय म्हणून विचारलं. किड्यांचं बरं चाललं होतं, अळ्यांवर त्यांची चंगळ होती. पण घरात उज्ज्वला त्याच्याशी बोलत नव्हती. भाकरी वेळेवर, भाजी गरम, आणि तोंडातून शब्द नाही. त्याच आठवड्यात सरपंचबाईनं शेवटची कात टाकली. लखीराम पहाटेपासून श्वास रोखून बरणीपुढे बसला होता. ती उलटी लटकली, जुन्या अंगातून हळूहळू खाली उतरली, आणि चुरगळलेले ओले पंख तासाभरात हिरवेगार, लांब, सरळ झाले. असलं काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण सांगायचं कोणाला? ज्या एका माणसाला सांगावंसं वाटलं, ती चुलीपुढे पाठ करून बसली होती. लखीरामला फार एकटं वाटलं.

नवव्या दिवशी पहाटे त्याला कोणी तरी हलवून उठवलं. उज्ज्वला उभी होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात त्याची काठी.

"चला," ती म्हणाली. "डॉक्टरनं चालाले सांगतलं ना."

दोघं रस्त्याच्या कडेनं निघाली. आपल्या शेतातल्या सापळ्यापाशी ती थांबली. पिशवी वर धरून तिनं एकेक पतंग मोजला, तारीख घातली, आकडा लिहिला. तीन. फवारा लागू पडला होता. मग तिनं पिशवीची गाठ सोडली, आणि खिसा चाचपणाऱ्या लखीरामपुढे रिकामी काडेपेटी धरली. ती तिनं घरूनच आणली होती.

"आधी वहीत," ती म्हणाली, "मंग बरणीत."

लखीरामनं तीन पतंग काडेपेटीत घेतले आणि ती नीट बंद केली. पुढच्या सापळ्याकडे जाताना तो थोडा मागे राहिला, मग पाय ओढत तिच्या बरोबरीनं आला.

"आठच काहून?" त्यानं विचारलं. "सात काहून नाई?"

उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं, खरंच विचारतो आहे का ते पाहिलं. मग तिनं वहीचं पहिलं पान उघडलं आणि रुपीबाईच्या शेतापर्यंत, तिथून नायकांच्या शेतापर्यंत, आणि परत घरापर्यंत ती त्याला सांगत राहिली.